दोन बाजूंच्या सावल्या

जुन्या मामलेदार कचेरीचं कलासंग्रहालय झालं आणि शरच्चंद्र सरांच्या पोटात दुखायला लागलं. सरांनी सारी हयात नाशकातल्या पोरांना चित्रकला शिकवली, दर रविवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बसून घाट रंगवले. संग्रहालयाने चित्रं मागवली तेव्हा त्यांनी आपली निवडक चित्रं पाठवली आणि बायकोला बरं वाटावं म्हणून तिचं, उत्तराबाईंचंही, एक त्यात सरकवलं. सरांची सगळी साभार परत आली. उत्तराबाईंचं भिंतीवर लागलं.

माणसाने शेजाऱ्यावर जळावं, भावावर जळावं. जिच्या हातचं दोन्ही वेळ जेवायचं तिच्यावर जळणं फार अवघड. सगळं आतल्या आत गिळावं लागतं. सर तोंडाने "छान झालं हो" म्हणायचे आणि तिच्या अभिनंदनाचा फोन आला की टीव्हीचा आवाज वाढवायचे.

शेवटी उत्तराबाईंनी फारच आग्रह केला म्हणून गेले. जिथे लोक सातबाऱ्यासाठी ताटकळत बसायचे, त्या दगडी दालनात आता चित्रांवर मंद दिवे सोडले होते. तिथली व्यवस्था बघणारी मृण्मयी लगबगीने पुढे आली.

"काकू, तुमच्या चित्रापाशी लोक फार वेळ थांबतात," ती म्हणाली. सरांना तिने नुसता नमस्कार केला.

चित्र रामकुंडाचं होतं. सर चूक काढायलाच आले होते, खोटं कशाला बोला. पण पाणी असं उतरलं होतं, की तसं त्यांना जन्मात साधलं नव्हतं. हे कळलं आणि त्यांच्या अंगाची आग आग झाली. चष्मा पुसून ते आणखी जवळ गेले, आणि सापडली एकदाची चूक.

"मृण्मयी, इकडे ये. ह्या फुलवालीची सावली डावीकडे पडलीय आणि बाकी सगळ्यांची उजवीकडे. नाशकात काय दोन सूर्य उगवतात? आठवीतल्या पोराला मी ह्यासाठी कागद फाडायला लावायचो."

आजूबाजूची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. मृण्मयी गोंधळून उत्तराबाईंकडे पाहत राहिली.

"बरोबर आहे ह्यांचं," उत्तराबाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळी मी नुकती सुरुवात केली होती. ऊन कडक, ह्यांच्या कागदावरचा रंग भराभर वाळायला लागला, म्हणून ह्यांनी छत्री धरायला हाक मारली. ह्यांचं चित्र पुरं झालं तोवर ऊन फिरलं होतं. मग मी बसले पुन्हा."

एवढं बोलून त्या मृण्मयीबरोबर पुढच्या दालनात गेल्या.

सर तिथेच उभे राहिले. सकाळ कुठे संपली ते आता चित्रात साफ दिसत होतं. एक फुलवाली आणि तिच्या पायाखालची पायरी, एवढीच काय ती सकाळ. हा नेमका कुठला रविवार ते आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. आठवेना. छत्री तर दर रविवारी तीच धरायची.