सहावं काडतूस

"काका, इट डिड इट अगेन."

रेवाने प्लास्टिकची केस काउंटरवर ठेवली. आत तिचं रिव्हॉल्व्हर होतं, आमच्या दुकानाच्या नियमाप्रमाणे रिकामं आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, उघडा. दहाच दिवसांपूर्वी मी ते दुरुस्त करून दिलं होतं आणि जॉब कार्डावर 'फिक्स्ड' लिहून खाली सही ठोकली होती. आपल्या सहीचं काम परत आलं की कुठल्याही कारागिराचं डोकं फिरतं. माझं जरा जास्तच फिरतं.

मी गनस्मिथ आहे, म्हणजे बंदुका दुरुस्त करतो. पुण्याला कारखान्याच्या टूलरूममध्ये चौदा वर्षं काढली, देश सोडून इथे आल्यावर मशीन शॉपमध्ये आणखी बरीच. रिटायर झालो तेव्हा डेलला मायक्रोमीटर नीट वाचणारा माणूस हवा होता आणि माझ्या बायकोला मी दिवसभर घरात नको होतो. डेल दुकानाचा मालक. नेपरव्हिलपासून अर्ध्या तासावर त्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, बाजूला माझा बेंच, मागे नेमबाजीसाठी इनडोअर रेंज. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी काय काम करतो ते सांगितलं की लोक पटकन श्रीखंडाकडे वळतात. रेवाचे आईवडील वळले नव्हते, म्हणून ही माझ्याकडे आली.

रेवा इथेच जन्मली. आईवडील नागपूरचे. ती नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका कंपनीत शास्त्रज्ञ आहे आणि अलास्कातल्या तीन महिन्यांच्या कामासाठी तिची निवड झाली होती. तिथे दोघादोघांची टीम असते, आजूबाजूला अस्वलं असतात आणि दोघांतल्या एकाकडे बंदूक हवीच. बंदूक बाळगणाऱ्याने स्वतःच्या हत्याराने नेमबाजीची परीक्षा पास करायची, असा कंपनीचा नियम. परीक्षा आमच्याच रेंजवर होती आणि परीक्षक होती टेरी नावाची बाई. परीक्षेत हत्यार एकदा जरी अडकलं तरी ते बाद. हत्यार बाद म्हणजे रेवाही बाद, आणि तिच्या जागी जायला एक सहकारी तयारच होता. या कामासाठी ती तीन वर्षं अर्ज करत होती.

आता तिच्या रिव्हॉल्व्हरबद्दल. ते मॅग्नमचं होतं. मॅग्नम म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दारू भरलेलं, जबर ताकदीचं काडतूस. ते उडवणारं रिव्हॉल्व्हर एरवी चांगलं वजनदार असतं. पण दिवसभर डोंगरात फिरणाऱ्याला ते कमरेला जड होतं, म्हणून हलक्या मिश्रधातूची फ्रेम आणि टायटॅनियमचा सिलिंडर असलेली रिव्हॉल्व्हरं निघाली. रेवाचं त्यातलंच. बाळगायला सुख, उडवायला शिक्षा. दारू तेवढीच, वजन निम्मं. मग उरलेला धक्का मनगटाला बसतो, आणि बंदुकीच्या प्रत्येक स्क्रूला.

त्यामुळे अशा रिव्हॉल्व्हरचे नेहमीचे आजार ठरलेले आहेत. स्क्रू सैल होतात. रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी दांडी फिरून फिरून सैल होते आणि सिलिंडर उघडेनासा होतो. काडतुसं उचलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या चकतीखाली जळक्या दारूचे कण अडकतात आणि सिलिंडर जड फिरतो. काही लोक टायटॅनियमचा सिलिंडर पितळी भांड्यासारखा पावडरने घासतात आणि त्याचा वरचा थर घालवून बसतात. रेवाने तेवढं केलं नव्हतं.

पहिल्या खेपेला तिची दांडी सैल झालेली होती. मी ती काढली, आटे साफ केले, आटे धरून ठेवणाऱ्या थ्रेड लॉकरचा थेंब टाकून आवळली. या दुसऱ्या खेपेला चांदणीखाली काजळी सापडली आणि बाजूचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल. दोन्ही नीट केलं. मग रेंजवर जाऊन नव्या बॉक्समधली काडतुसं भरली आणि सहा-सहा करत छत्तीस बार काढले. एकदाही अडकलं नाही. मनगट सुजलं, पण मन शांत झालं. पुन्हा 'फिक्स्ड' लिहिलं, पुन्हा सही.

परीक्षा शुक्रवारी होती. बुधवारी सकाळी डेल रेंजच्या दारातून ओरडला, "वॅस! लेन थ्री!" माझं नाव वसंत आहे, पण ते त्याच्या तोंडात मावत नाही.

रेवा लेनमध्ये उभी होती. नळी समोर टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. सराव करताना तीन बार झाले होते आणि चौथ्याला ट्रिगर ओढलाच जाईना. सिलिंडर फिरत नव्हता, उघडतही नव्हता, आणि आत तीन जिवंत काडतुसं होती. तरी तिने जागा सोडली नव्हती. मला तिचं कौतुक वाटलं आणि स्वतःची लाजही. कारण हेच नदीकाठी झालं असतं, आणि कार्डावर माझी सही असती.

मी रिव्हॉल्व्हर तसंच टार्गेटकडे धरून हातात घेतलं आणि बॅटरीच्या उजेडात बाजूने पाहिलं. सिलिंडरचं पुढचं तोंड आणि नळी यांच्यामध्ये कागदाएवढी फट असते. त्या फटीत एका गोळीचं नाक अडकलं होतं. पातळ पितळी पट्टीने ते हळूच मागे सारलं, तेव्हा सिलिंडर उघडला. तीन रिकाम्या पुंगळ्या पडल्या आणि त्यांच्यामागे तीन जिवंत काडतुसं. दोन चकचकीत होती. तिसरं काळपट, बोटांनी मळलेलं. लांबी मोजायला व्हर्नियर लावला तर ते काळपट काडतूस बाकीच्यांपेक्षा अडीच मिलिमीटर लांब.

आपण मराठीत सगळ्यालाच गोळी म्हणतो, म्हणून इथे थोडं थांबतो. पूर्ण वस्तू म्हणजे काडतूस. पितळेच्या पुंगळीत दारू असते आणि पुंगळीच्या तोंडाशी बसवलेला शिशाचा तुकडा म्हणजे गोळी. ती निसटू नये म्हणून पुंगळीची कड आत दाबतात, करंजीची कड दाबतो तशी. त्याला क्रिम्प म्हणतात. बार झाला की हलकं रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे जातं आणि सिलिंडरमधली बाकीची काडतुसंही त्याच्याबरोबर मागे जातात. पण जड गोळी जागीच राहू पाहते. कड सैल असेल तर ती दर बाराला केसभर पुढे सरकते. पुरेशी सरकली की नाक सिलिंडरच्या बाहेर येतं आणि सगळं ठप्प.

हे मला माहीत होतं. पण एवढं सरकायला किती बार लागतील, याचा हिशेब बसत नव्हता. एका फेरीत उरलेल्या काडतुसाला फार तर पाच धक्के बसतात.

"रेवा, हे काडतूस जुनं आहे का?"

तिने डेलकडे पाहिलं आणि माझ्याशी मराठीत बोलली. एरवी ती तसं करत नाही.

"काका, ते मी ठेवते. ऑलवेज. पाच मारते, एक ठेवते."

"का?"

"फुल एम्प्टी करायचं नाही ना. आई तांदळाचा डबा कधीच रिकामा नाही करत. थोडे ठेवते, मग वर नवीन ओतते. लाइक, घरात काही कमी पडत नाही मग."

"आणि दर वेळी हेच एक?"

"हो. सेम वन. फर्स्ट डेपासून. इकडे रिपेअरला आणताना काढून घरी ठेवते, मग परत घालते."

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. माझी बायको अगदी हेच करते. आमच्याकडे तांदूळ 'संपले' म्हणायचीही चोरी आहे. तळाशी मूठभर ठेवायचे आणि वर नवीन ओतायचे. रेवा तळातली मूठ सांभाळत होती आणि ती मूठ दर फेरीला पाच धक्के खात होती. मी टेस्ट केली तेव्हा नवी काडतुसं वापरली आणि सहाच्या सहा उडवली. मला बिघाड दिसणार कुठून?

डेलचं म्हणणं सरळ होतं. रिव्हॉल्व्हर तीनदा अडकलं आहे, आता ते बनवणाऱ्या कंपनीकडे परत पाठवायचं, आणि टेरीलाही तसं कळवायचं. तिकडून यायला सहा आठवडे लागले असते. रेवाचं विमान त्याच्या कितीतरी आधी होतं. ती केसच्या झाकणाची उघडझाप करत राहिली.

"डेल, गनमध्ये दोष नाही," मी म्हटलं.

"हे तू दोनदा लिहून दिलंयस."

मी एक तास मागितला आणि त्याने दिला, नाखुशीने.

रेवाच्या बॉक्समधून सहा काडतुसं घेतली. एकावर, पितळ संपतं आणि गोळी सुरू होते तिथे, मार्करने बारीक रेघ मारली. पाच उडवली, रेघेवालं काढून मोजलं. पाव मिलिमीटर वाढलं होतं. तेच परत घालून नवी पाच उडवली. आणखी वाढलं. दहाव्या फेरीला गोळीचं नाक सिलिंडरच्या तोंडाशी आलं. मग रिव्हॉल्व्हरबरोबर येणारी पुस्तिका उघडली, जी कोणी वाचत नाही. हलक्या मॉडेलमध्ये तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्यांची, पक्क्या क्रिम्पची काडतुसंच वापरा, असं त्यात स्पष्ट छापलं होतं. तसला बॉक्स शेल्फवरून काढून तोच प्रयोग केला. दहा फेऱ्यांनंतरही वाढ नखाला जाणवेना. निम्मे बार डेलने स्वतः काढले आणि व्हर्नियरही स्वतः वाचला.

मग मी दोन्ही जॉब कार्डांवरचा 'फिक्स्ड' खोडला. खरं कारण लिहिलं: सैल क्रिम्पची काडतुसं, आणि एकच काडतूस पुन्हा पुन्हा भरलं.

"पण कोणी एकच काडतूस पुन्हा पुन्हा का भरेल?" डेलने विचारलं.

मी त्याला तांदळाच्या डब्याचं सांगितलं. त्याने कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला की त्याची आजी पलंगावर हॅट ठेवू द्यायची नाही, घरात मरण येतं म्हणायची, आणि तो स्वतःही अजून ठेवत नाही. टेरीला फोन त्यानेच केला आणि झाला तो प्रकार न लपवता सांगितला. रिव्हॉल्व्हर परीक्षेला चालेल, पण अडकलं तर दुसरी संधी नाही, असं ती म्हणाली.

रेवाला मी दोनच गोष्टी सांगितल्या. काडतुसं पुस्तिकेतलीच वापरायची. आणि एक जरी बार झाला की मागे उरलेली काडतुसं पुन्हा भरायची नाहीत, सगळी बदलायची.

"म्हणजे रोज एम्प्टी?"

"रोज."

तिला ते आवडलं नाही, हे दिसत होतं.

शुक्रवारी मी काचेच्या मागे उभा होतो. टेरीने टायमर सुरू केला. तीन फेऱ्यांची परीक्षा होती. पहिल्या दोन सुरळीत गेल्या. तिसऱ्या फेरीत रेवाने पाच बार काढले आणि थांबली. रिव्हॉल्व्हर अडकलं नव्हतं, ती अडकली होती. टेरीने टायमरकडे पाहिलं. काचेतून ओरडलो असतो तरी रेवाला ऐकू गेलं नसतं. मग तिचा खांदा किंचित खाली आला आणि सहावा बार झाला. वेळ संपायला एक सेकंद उरला होता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काका, इट फेल्ट सो राँग. आईला सांगू नका हं." मी सांगितलं नाही. ती अलास्काला गेली.

डेलने रेंजच्या भिंतीवर पाटी लावली आहे: शेवटचं काडतूस साठवू नका. गिऱ्हाइकांना ती मर्दुमकीची घोषणा वाटते. काही जण तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात.

मी दोन वेळा जे केलं ते काम म्हणून बरोबरच होतं. दांडी खरोखर सैल होती, काजळी खरोखर होती. पण मुख्य बिघाड एका मराठी स्वयंपाकघरातून आला होता, आणि त्या दुकानात तो ओळखू शकेल असा माणूस मी एकटाच होतो. तरी मी पंधरा दिवस रिव्हॉल्व्हरला विचारत बसलो. पोरीला विचारायला मिनिटही लागलं नाही.