साडूभाऊ आणि भोपळ्याचे पराग

सूक्ष्मदर्शकाला एकदा डोळा लावला की कुठल्याही माणसाची निम्मी दुःखं तिथेच विरतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या लखनौत एकच, आणि तो नेमका माझा साडू.

साडूभाऊंनी उभी हयात इथल्या एका प्रयोगशाळेत फुलांचे परागकण बघण्यात घालवली. पण जीव अडकला तो अलीगंजच्या भाजीबाजारात. दर रविवारी सकाळी स्कूटरवर, पायांपाशी, जिथे इतरांचा गॅस सिलिंडर बसतो तिथे यांचा सूक्ष्मदर्शक, माझ्या मेहुणीच्या लग्नातल्या शालीत गुंडाळलेला. बाजारात टेबल मांडायचं, भोपळ्याच्या फुलातली पिवळी पूड काचेवर झटकायची आणि "आइए, देखिए, मुफ़्त है!" म्हणून हाकारायचं. फुकट म्हटल्यावर लोक जास्तच लांबून जायचे. पहिल्या खेपेला हे पांढरा कोट घालून गेले, तर भेसळ तपासणारा साहेब आला समजून निम्म्या भाजीवाल्यांनी गाशा गुंडाळला. कोट काढला, तर एका आजीबाईंनी बोट पुढे केलं, "बेटा, शुगर भी देख लेते हो?"

चुकून कुणी डोळा लावलाच, की साडूभाऊ त्याच्या कानाशी सुरू. परागाचं कवच, त्यावरचे काटे, मधमाशी, सगळं एका दमात. तो बिचारा "अच्छा, अच्छा" म्हणत पिशवी उचलून पसार.

"एकाने तरी आपण होऊन काही विचारावं रे," परतताना ते म्हणायचे. एवढीच त्या माणसाची भूक.

"तुम्ही तोंड मिटलंत तर विचारतील," मी म्हणायचो. ते रुसायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोरचं माणूस धुरकट, नळीतलं तर काहीच नाही. डॉक्टरांनी हात टेकले. आता सूक्ष्मदर्शक माळ्यावर जाणार, असं आम्ही धरून चाललो होतो. रविवारी उजाडताच फोन आला, "स्कूटर तू चालव."

टेबल मांडलं. नळी खालीवर करून नीट दिसेलसं करणं त्यांना जमेना, आणि माझा जन्म बँकेत गेलेला. शेजारची भाजीवाली ही गंमत बघत होती. साडूभाऊ तिला म्हणाले, "बहनजी, ज़रा आप ही देखकर बताइए, क्या दिख रहा है?"

तिने डोळा लावला, चक्री फिरवली. साडूभाऊ गप्प. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"अरे दइया! गोल-गोल... काँटेवाले। जैसे छोटे-छोटे कटहल!" फणसच दिसले तिला! मग मान वर न करताच, दारचा दोडक्याचा वेल आठवून तिने विचारलं, "इनके अंदर क्या है? हमारे दरवाज़े पर तोरई की बेल है, उसके फूल में भी ऐसे ही होंगे?"

या प्रश्नावर साडूभाऊंकडे अख्खं व्याख्यान तयार होतं. ते त्यांनी गिळलं. "अगले इतवार फूल ले आइए," ते म्हणाले, "आप ही देखकर हमें बताइएगा।"

मग त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "अजून बघतेय का रे ती?"

"बघतेय. तिच्यामागे रांग लागलीय."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

खरंच रांग होती. आयुष्यभर वाट पाहिलेली ती रांग, आणि ती बघायला त्यांना डोळे नव्हते. "कोण कोण आहे, नीट सांग," ते म्हणाले. मी एकेक माणूस सांगत गेलो, अगदी शेवटी उभ्या असलेल्या शुगरवाल्या आजींपर्यंत.