टाळी वाजली तरी बसून राहिलेली ल्हाकदोन

आमच्या मुंडगोडच्या तिबेटी भिक्षुणी मठात वीस वर्षं पीठ मळलं ते आनी ल्हाकदोननं; आनी म्हणजे आमच्यात भिक्षुणी. मी तिच्या शेजारी बसून कांदे चिरायची, म्हणून छातीठोकपणे सांगते, तिच्याएवढी हट्टी बाई मी पाहिली नाही. अंगणात चालणारे शास्त्रवाद तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकून पाठ केले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी म्हणाली, "मलाही वर्गात बसायचंय." आमचे गुरुजी, गेन-ला, म्हणाले, "एकदाच परीक्षा. नापास झालीस तर पुन्हा विचारायचं नाही."

परीक्षेच्या सकाळी ती अंगणात बसली. समोर प्रश्न विचारायला यांगकी उभी, वर्गातली सगळ्यांत तिखट जीभ. आमच्याकडे प्रश्नाबरोबर टाळी वाजवतात.

"मन ही जड वस्तू आहे?" यांगकीनं टाळी वाजवली आणि आमची बाई ताडकन उठून उभी! स्वयंपाकघरात टाळी म्हणजे 'चहा आणा', वीस वर्षांची सवय ती. सगळ्या खो खो हसल्या. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

"नाही," म्हणून ल्हाकदोन खाली बसली. पुढच्या टाळीला पुन्हा उठली.

यांगकीला आयतंच सापडलं. "टाळी वाजते, गुडघे उठतात. मग मन हवंच कशाला? शरीर पुरे. मान्य?"

"मान्य नाही."

"का?"

ल्हाकदोन आपल्या गुडघ्यांकडे पाहू लागली. गेन-लांनी हातातली जपमाळ थांबवली.

"काय आनी-ला, पीठ संपलं वाटतं?" यांगकीनं टोमणा मारला.

"परत वाजव टाळी," ल्हाकदोन म्हणाली.

यांगकीनं कडाडून वाजवली. ल्हाकदोनचे गुडघे थरथरले, हात जमिनीवर टेकले, पण बाई जागची उठली नाही.

"गुडघे निघालेच होते गं," ती म्हणाली. "नको कोण म्हणालं त्यांना?"

"तेही शरीरच म्हणालं असेल."

"तू असं म्हणणार हे ठाऊक होतं मला. वर्गात घ्या, दहा वर्षं भांडू त्यावर."

गेन-ला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "उद्यापासून ये. आणि यांगकीच्याच शेजारी बस."

मला रडू आलं, सांगायला लाज कसली. तेवढ्यात चहाची वेळ झाली म्हणून कुणीतरी टाळी वाजवली. ल्हाकदोन निवांत बसून होती. किटली आणायला यांगकी धावली, आणि पहिला पेला तिनं ल्हाकदोनच्या हातात दिला.