बोयाजवळचा मोडुसा

आमच्या गल्लीतल्या काजवालीताईंना मान खाली घालून शर्टांची काजं करताना पाहिलं, की या बाई समुद्रात गळ टाकायला जातात हे कुणाला खरं वाटत नाही. धाकट्या भावाच्या होडीतली पुढची जागा त्यांची. पण त्या मोसमात त्यांच्या गळाला साधा बांगडासुद्धा लागेना. शेवटी एका सकाळी होडी पाण्यात ढकलताना भाऊ म्हणाला, "ताई, आज रिकाम्या हाताने परतलीस तर उद्यापासून पुढे माझा मेहुणा बसेल."

"तो? तो होडीत बसला की घोरतो!"

"घोरतो, पण उलट उत्तरं तर देत नाही."

दुपारपर्यंत बादली कोरडीच. परतताना ताईंनी पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयाच्या सावलीत शेवटचा गळ टाकला आणि दोरीला असा हिसका बसला की त्या गुडघ्यांवरच आल्या. बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या म्हणून निभावलं. बरीच ओढाताण झाली. मग पाण्याखाली एक लांब, काळपट अंग वळलं. चपटं डोकं, दोन्हीकडे शार्कसारखे पसरलेले पर.

"मुशी!" भावाने सुरीच काढली. "चावरी जात ती, होडीत नको. सोड, कापतो दोरी!"

"दोरीला हात लावलास तर याद राख! बाबांनी काय शिकवलं होतं? मुशीचं तोंड खाली, पोटाकडे. याचा खालचा जबडा बघ, कसा पुढे आलाय. आणि कुशीवरचा तो पांढरा पट्टा?"

भाऊ वाकला. "अगं आई गं! मोडुसा!"

सुरी टाकून त्याने मासा ओढायचा आकडा उचलला. बाबांना जन्मभर हुलकावणी देणारा मासा हाताच्या अंतरावर होता.

"थांब रे, आधी दमू दे त्याला!"

ऐकेल तर तो भाऊ कसला! त्याने मासा तसाच आत ओढला. मग काय, मोडुशाने नुसतं थैमान घातलं. जेवणाचा डबा उडाला, वल्हं तडकलं, भाऊ बाकावर चढला. ताईंनी ओलं गोणपाट माशावर टाकलं, त्यावर बसकण मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिल्या.

धक्क्यावर मेहुणा वाटच बघत होता. "मग, उद्या कधी येऊ?"

भावाने ताईंकडे पाहिलं, मग तडकलेल्या वल्ह्याकडे.

"पहाटे ये. पुढची जागा ताईची आहे. तू नवं वल्हं घेऊन मागे बस."