आडवी आलेली पेग

बॅट हर्लीसारखा वल्हेकरी आमच्या आयरिश किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. तोंडाचा फटकळ, पण कुणाचं जाळं फाटलं की न बोलावता शिवायला बसणारा. त्याच्या होडीत मी पंधरा वर्षं वल्हं मारलं. म्हणून हे मीच सांगायला हवं, लाज वाटली तरी.

पहिल्या महायुद्धातली दुपार. जर्मन पाणबुडीनं चार मैलांवर उतारूंची बोट बुडवली. टेकडीवरून ती आधी पेगला दिसली. पेग म्हणजे मासे खारवणारी विधवा. धडाका ऐकून आम्ही चौघं वल्ही खांद्यावर टाकून निघालो, तोच ती गल्लीत धावत आली.

"बॅटदादा, पळा! माणसं पाण्यात पडलीत, लेकरं आहेत!"

बॅट जागीच थांबला. पेगचे केस लालभडक. होडीकडे जाताना लाल केसांची बाई आडवी आली, की आमच्यात घरी परतायचं, चुलीपाशी बसून चहा प्यायचा, मगच पुन्हा निघायचं.

"घात केलास, बये!" बॅट ओरडला. "तुला आत्ताच तडमडायचं होतं?"

आणि आम्ही परतलो. हो, चहा प्यायला! "आज राहू दे ते" एवढंसुद्धा माझ्या तोंडून फुटलं नाही.

पोचलो तेव्हा एक बाई पाण्यावर तरंगत होती. मेलेली. शेजारच्या भरलेल्या होडीतला म्हातारा म्हणाला, "पाव तासापूर्वी हात हलवत होती रे. आमच्यात जागा नव्हती. तुम्ही कुठं मेला होतात?"

गावानं बोल लावला तो पेगला. तिनं डोक्याला काळा रुमाल बांधला. कुणी होडीकडे निघालं की बिचारी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. बॅट खालमानेनं पुढे जायचा. त्याच्यामागे मी.

सत्तावीस वर्षांनी बॅट अंथरुणाला खिळला. मला म्हणाला, "पेगला बोलाव."

ती दारातच थांबली. "आत नको. दादा आधीच आजारी आहेत."

"ये गं. तो रुमाल काढ आधी."

तिनं काढला. केस पांढरेशुभ्र झाले होते. कधी झाले, कुणालाच ठाऊक नाही.

"तुझ्यामुळं नाही गेली ती बाई, पेग," बॅट रडायला लागला. "मी चहा पीत बसलो म्हणून गेली."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

बॅटनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. पेगनं रुमाल पुन्हा घट्ट बांधला. तिला सोडायला मी उठलो, तर सवयीनं ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.