तलावाच्या पाळीवरचा दहावा श्वास

तुमच्या घरात ते न उघडलेलं पाकीट कुठं ठेवलेलं आहे?

घाईनं नाही म्हणू नका. तांदळाच्या डब्याखाली असेल, कपाटात साड्यांच्या घडीत असेल, भिंतीवरच्या फोटोमागं असेल. आमच्या घरात ते बाबांच्या लोखंडी पेटीत होतं, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली. त्या पाकिटावर माझं नाव होतं आणि अकरा वर्षं मला ते माहीत नव्हतं.

मी लोकांना व्यायाम शिकवतो. भंडाऱ्याजवळच्या मोहाडीत एका हार्डवेअरच्या दुकानावर जिम आहे, तिथं सकाळ-संध्याकाळ असतो. आठवड्यातून तीन दिवस जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये जातो. तिथले एक निवृत्त काका मला दारातच बजावतात, "सर, पोट कमी करा, पण तर्री-पोहे सोडाले नका सांगू." आता माझं शरीर पाहून कोणाला पटत नाही की अठराव्या वर्षापर्यंत मी शंभर पावलंसुद्धा धावलो नव्हतो. मला धावू दिलं नव्हतं.

मला एक बहीण होती, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अंगात जागोजाग अडकतात, असं तिनंच मला शाळेच्या पाटीवर काढून दाखवलं होतं. तिची हाडं दुखायची, डोळे पिवळे व्हायचे. शेवटच्या हिवाळ्यात तिचा श्वास बदलला. दोन आखूड श्वास, मग एक अडकलेला. दोन आखूड, एक अडकलेला. भर दुपारी, अंगणात उन्हात टाकलेल्या खाटेवर ती गेली. मी सात वर्षांचा होतो आणि खाटेच्या पायाशी बसून बोरं खात होतो. आवाज थांबला तेव्हा मला आधी बरंच वाटलं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तिची सतरंजी मायनं उचलली नाही. दुपारी मी त्या सतरंजीशेजारी झोपायचो. एकदा डोळा लागता लागता मला तो आवाज आला. दोन आखूड, एक अडकलेला. मी डोळे उघडले. सतरंजी रिकामी होती. समोर माय सूप हातात धरून थांबली होती. तांदूळ पाखडणं तिनं मध्येच सोडलं होतं.

"आइकलं का तू बी?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. तिनं सूप खाली ठेवलं, मला पालथं केलं आणि माझ्या पाठीला कान लावला. बराच वेळ ती तशीच राहिली. त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. याला धावू द्यायचं नाही.

बाबा पत्रकं वाटणारे. बुद्धविहाराच्या ओट्यावर, बाजाराच्या दिवशी चौकात, तहसील कार्यालयाच्या फाटकाशी ते उभे राहायचे. शिक्षणावर पत्रक, मजुरीवर पत्रक, अंगात येण्याविरुद्ध पत्रक. छापून आलेलं प्रत्येक पत्रक ते आधी घरात मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही जेवण थांबवून ऐकायचो. मी अक्षरं पुस्तकातून शिकलो नाही, त्या पत्रकांतून शिकलो. आवाजाचं कळल्यावर बाबा मायला म्हणाले, "असं काही नसते. मनाचा खेळ हाय." पण दुपारी ते त्या खोलीत बसेनासे झाले.

मग शाळेत रक्ततपासणीचं शिबिर झालं. बोटाला सुई टोचली आणि सगळ्यांना एकेक केळं मिळालं. काही आठवड्यांनी आरोग्य सेविका घरी येऊन पाकीट देऊन गेली. तेव्हा मी शाळेत होतो. पुढं काय झालं ते मला बाबांनी फार नंतर सांगितलं. बाबा पाकीट फोडायला लागले तेव्हा मायनं त्यांचा हात धरला. "उघडू नका. पोरीचं उघडलं तवापासून सुरू झालं." आणि अंधश्रद्धेविरुद्ध हजारो कागद वाटलेल्या माणसानं तो एक कागद न वाचता पेटीत ठेवला. वर पत्रकांचा गठ्ठा ठेवला. सुतळी बांधली.

शाळेत पी.टी.च्या तासाला सर म्हणायचे, "तू बस." मी पायरीवर बसायचो आणि सगळ्यांची दप्तरं सांभाळायचो. कबड्डीत कोणी घेत नव्हतं. "याले हात नको लावू बे, आपल्याले बी लागन," असं एकानं म्हटलं आणि बाकीचे हसले. हा आजार हात लावून लागत नाही, आईबापाकडून रक्तातून येतो, हे तेव्हा ना त्यांना माहीत होतं ना मला. घरी माय दोनदा भात वाढायची. अंगावर मांस राहिलं म्हणजे आजार आत शिरत नाही, असं तिला वाटायचं. अठराव्या वर्षी माझं वजन चौऱ्याण्णव किलो होतं. जिना चढताना मला धाप लागायची आणि धापेत मला बहिणीचा श्वास ऐकू यायचा. मग मी मायला सांगायचो, "आला." माय म्हणायची, "बस खाली."

एकदा बाबांना एक जुनं पत्रक हवं होतं. पेटी मी उघडली. गठ्ठा उचलला तेव्हा तळाशी पाकीट दिसलं, कडांवर गंज चढलेलं. वर माझं नाव, इयत्ता दुसरी. मी ते फोडलं. आतल्या छापील कागदावर तीन चौकोन होते: पीडित, वाहक, सामान्य. खूण तिसऱ्या चौकोनात होती.

बाबा दारात उभे होते.

"वाचलं?"

"वाचलं."

"काय हाय?"

"काही नाही. मले काहीच नाही बाबा."

ते पेटीवर बसले. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला. माय चुलीपासून उठून आली, तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "मंग तो आवाज कोणाचा येते?"

आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मला भीती वाटली. अकरा वर्षं शाळेच्या पायरीवर, घरच्या खाटेवर नेमकं कोण बसलं होतं? मी माझं अंग चाचपून पाहिलं. ते दुसऱ्याच कोणासाठी सांभाळून ठेवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गावाच्या तलावाच्या पाळीवर गेलो. एकीकडं पाणी, दुसरीकडं धानाच्या बांध्या म्हणजे भाताची खाचरं, मधोमध ही मातीची उंच, सरळ पाळ. दोनशे पावलं धावलो. दीडशेव्या पावलाला मागून आवाज आला. दोन आखूड, एक अडकलेला. वळून पाहिलं, पाळ रिकामी. पाण्यात एक बगळा एका पायावर उभा होता आणि माझ्याकडं नाही, माझ्या मागं पाहत होता.

मी घरी पळून येऊ शकलो असतो. पण माझ्या डोक्यात राग होता, बाबांवर, पाकिटावर, पायरीवरच्या सगळ्या दप्तरांवर. मी स्वतःला एक नियम घालून दिला. आवाज आला की वेग वाढवायचा. थांबायचं नाही. रोज गेलो. आवाजही रोज आला. दोनशेची पाचशे पावलं झाली, मग पाळ पूर्ण, मग दोन फेऱ्या. वजन उतरत गेलं. मोहाडीच्या जिममध्ये झाडू मारण्याच्या बदल्यात डंबेल उचलू दिले. पुढं नागपुरात कोर्स केला, प्रमाणपत्र मिळालं. आवाज गेला नाही, मी त्याला मागं टाकायला शिकलो. लोक याला जिद्द म्हणाले. मीही म्हणालो.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली माझ्याकडं येऊ लागली. पहाटे मी त्यांना त्याच पाळीवर धावायला न्यायचो. मी पुढं, मागं नऊ जण. धुक्यात मागचं काही दिसायचं नाही, म्हणून मी कानांनी मोजायचो. पाय नऊ जणांचे. श्वास दहा. दहावा कोणाचा ते मला माहीत होतं. मी वेग वाढवायचो.

माझी आणखी दोन तत्त्वं होती आणि मला त्यांचा अभिमान होता. पहिलं, कोणाला आजार विचारायचा नाही. ज्या शिक्क्यानं मला पायरीवर बसवलं तो मी दुसऱ्यावर मारणार नव्हतो. दुसरं, धावण्याआधी पाणी नाही, पोट जड होतं. हे दुसरं मी दुसऱ्या ट्रेनरकडून ऐकलं होतं आणि पत्रकासारखं पाठ केलं होतं.

त्या नऊ जणांत शेजारच्या गावची एक वीस वर्षांची मुलगी होती. बारीक, अबोल, पण बोलली की धारदार. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "सर, आठशे मीटर वेळेत धावाले किती दिवस लागतीन?"

"पाय तुझे आहेत, तूच सांग."

"पाय तं तयार हायत. बाकीच्याले विचारावं लागन," ती छातीवर बोट ठेवून म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. जिमच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात तिनं नाही लिहिलं होतं. मी तो रकाना कधी वाचतही नसे.

डिसेंबरातल्या त्या पहाटे धुकं इतकं दाट होतं की पाळीच्या दोन्ही बाजूंना काहीच उरलं नव्हतं. आम्ही निघालो. पाळीच्या मध्यावर, जिथून कालव्याचं पाणी सुटतं तिथं, मागून आवाज सुरू झाला. दोन आखूड, एक अडकलेला. नेहमीपेक्षा जवळ. माझ्या मानेवर ऊब लागण्याइतका जवळ. मी मागं न बघता ओरडलो, "थांबायचं नाही. वेग वाढवा."

आणखी तीस-चाळीस पावलं. मग आवाज बंद झाला.

मला आधी बरंच वाटलं. सात वर्षांचा असताना वाटलं होतं, अगदी तसंच. त्या बरं वाटण्यानंच माझे पाय थांबले.

ती अबोल मुलगी मातीत एका कुशीवर पडली होती, ओठ निळसर, डोळे उघडे. आम्ही तिला एका टेम्पोत घालून भंडाऱ्याला नेलं. ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून एकच विचारलं, "हिचं सिकलसेलचं कार्ड कुठे आहे?"

कार्ड दुपारी आलं. तिच्या आईनं ते पदराच्या टोकाला बांधून आणलं होतं, घामानं ओलं झालेलं. लाल कार्ड, म्हणजे पीडित. ते धानाच्या कोठीत पुरून ठेवलं होतं. "हिच्या लग्नाचं चालू हाय बापू," ती माझ्या कानाशी म्हणाली, "कोणाले सांगू नका. कार्ड दिसलं की सोयरीक मोडते." तिच्यावर चिडायला मी तोंड उघडलं आणि मला बाबांच्या पेटीवरची सुतळी दिसली.

ती वाचली. आठव्या दिवशी मी भेटायला गेलो. ती उशीला टेकून मोसंबी सोलत होती.

"सर, कार्डाचं मी लपवलं. माही चूक हाय."

तिनं सालं बशीत टाकली.

"पण एक विचारू? तुम्ही आइकलं होतं ना? माहा श्वास?"

"ऐकला होता."

"मंग काहून म्हटलं, थांबायचं नाही?"

मी तिला सगळं सांगितलं. सतरंजी, बगळा, दहावा श्वास. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं मोसंबीची एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "तुमची बहीण तुम्हाले थांब म्हणून राहिली होती सर. तुम्ही तिच्यापासून पळून राहिले होते."

तसं असेल की नाही, मला माहीत नाही. मी बाबांचा मुलगा आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही. एवढं मात्र खरं की त्या पहाटे मी श्वास मोजले नव्हते. मोजले असते तर नऊच भरले असते.

भरतीचं तिनं सोडलं. पुढं पाहुणे आले तेव्हा तिनं ते लाल कार्ड स्वतःच चहाच्या ट्रेमध्ये कपांशेजारी ठेवलं. पाहुणे चहा न घेता उठले. "तीन कप मीच पिली सर," तिनं मला फोनवर सांगितलं, "थंड झाला होता." आता डॉक्टरांना विचारून ती रोज पाळीवर चालते, बाटली सोबत असते. कधीकधी माझ्या मुलांच्या मागं उभी राहून ती श्वास मोजते. अजून तरी तिचा आणि माझा आकडा जुळत आला आहे.

माझ्याकडं आता कार्ड किंवा तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय कोणी धावत नाही. पाणी आधी, मध्ये आणि नंतर. काही पालक मला तोंडावर म्हणतात, "आमच्या पोट्ट्याले बदनाम करून राहिले तुम्ही." मी त्यांना सांगतो की कागदानं कोणी बदनाम होत नाही आणि कागदानं कोणी आजारी पडत नाही. माझी बहीण पाकिटामुळं गेली नाही. मी मात्र अकरा वर्षं पाकिटामुळं बसून राहिलो.

म्हणून एक करा. हे वाचून झालं की उठा. डबा, कपाट, कोठी, फोटोची मागची बाजू, जिथं असेल तिथून ते पाकीट काढा. तपासणीच झाली नसेल तर उद्या जवळच्या आरोग्य केंद्रात जा. घरातल्या सगळ्यांना समोर बसवा, आणि तो कागद माझ्या बाबांनी वाचायला हवा होता तसा, मोठ्यानं वाचा.