समुद्रापासून चाळीस पावलांवरचा आमचा प्लॉट

आमचे हे टाउनशिपच्या क्लबात दरवर्षी पर्यावरण दिनाला भाषण देतात: समुद्र कसा वाढतोय, किनारे कसे जाणार. तक्ते, बाण, सगळं असतं. भोपाळात समुद्राची भीती कुणालाच नसल्याने टाळ्याही भरपूर पडतात. याच माणसाने पाच वर्षांपूर्वी त्याच क्लबात लागलेल्या स्टॉलवर, नुसता नकाशा बघून, रत्नागिरीकडे 'समुद्रापासून चाळीस पावलांवर' प्लॉट घेतला. यंदा मार्चमध्ये रिटायरमेंट होती, क्वार्टर सोडायचं होतं. म्हटलं, घर बांधायच्या आधी जागा बघून तरी येऊ.

शेजारचे तिवारीजी स्टेशनवर सोडायला आले. "भाभीजी, जल्दी पहुँचिए, समुंदर बढ़ रहा है!" यांना हसू आलं नाही.

भोपाळहून रत्नागिरीला थेट गाडी मिळते. जवळजवळ अख्खा दिवस जातो, तेव्हा पराठे घरूनच न्या. पुढे रिक्षावाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात. थोडं थांबलात तर एसटी तिथेच नेते. उतरलो तिथल्या सुमतीकाकूंकडे; त्या पाहुण्यांना खोली देतात, आणि त्यांचं घर प्लॉटला लागूनच. दोन वेळच्या जेवणासकट खोली हजारात, आणि सोलकढी मागाल तितकी.

सकाळी आठला यांनी टेप काढून प्लॉट मोजला. कोपऱ्यांचे चारही दगड जागेवर होते. "बघ, इथे व्हरांडा!" मीही मनातल्या मनात दोन खुर्च्या मांडून टाकल्या. दुपारी सुरमई जेवून फोटो काढायला गेलो, तर दोन दगड पाण्याखाली. मोजणी ओहोटीला झाली होती. मला हसू आवरेना.

काकू मात्र हसल्या नाहीत. "सात माड गेले. विहीर खारट झाली. स्वयंपाकघर दोनदा मागे घेतलं. आता मागे डोंगर, अजून कुठे सरकू?" मला माझ्या हसण्याची लाज वाटली. हे टेप गुंडाळत राहिले.

आता भोपाळातच, मिसरोदला फ्लॅट घेतलाय. व्हरांडा नाही, खिडकीतून ट्रक दिसतात. जूनमध्ये क्लबाने यांना पुन्हा बोलावलं. यांनी तक्ते नेलेच नाहीत, काकूंचं स्वयंपाकघर तेवढं सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत.

त्या संध्याकाळी काकूंना फोन केला. बोलता बोलता, आपण सगळ्यांनाच म्हणतो तसं म्हटलं, "पाणी फारच वाढलं तर आमच्याकडे या हं."

काकूंनी विचारलं, "तिकडे समुद्र नाही ना?"

"नाही हो."

"थांब, पेन घेते," त्या म्हणाल्या. "हं, सांग पत्ता."